काळी पाच म्हणजे बी फ्लॅट: मुंबईत जॅझ, म्युझिकल आणि शिकवण्या

आधीच सांगून टाकते, मुंबईत नुसतं जॅझ गाऊन घर चालवणारी गायिका मला तरी अजून भेटलेली नाही. मी डोंबिवलीची, घरात पेटी-तबला, लहानपणापासून क्लासिकल, आणि आता अकरा वर्षं झाली, हॉटेलं-बारमध्ये स्टँडर्ड्स, म्हणजे जॅझवाले सगळे गातात-वाजवतात ती जुनी गाणी, गाते, मधूनच एखादं म्युझिकल, म्हणजे पाश्चात्त्य धाटणीचं संगीत नाटक, करते आणि आठवड्यातले चार दिवस शिकवते. घरभाडं शिकवण्यांतून निघतं, बाकीचं गाण्यातून. नवीन मुली विचारतात, ताई सुरुवात कुठून करू, तर आवाजाबद्दल मी फार बोलत नाही, आवाज बहुतेकींचा बरा असतोच, सगळ्या मार खातात त्या कागदावर, म्हणजे वादकांना द्यायचं गाणं नीट लिहून नेण्यात.

माझंच बघा. पहिलं गिग, म्हणजे पैसे घेऊन गाण्याचा कार्यक्रम, बांद्र्याला, छोटं रेस्टॉरंट, पियानोवर साठीचे एक गोवन अंकल. त्यांनी विचारलं "व्हॉट की?", म्हणजे पट्टी कुठली, आणि मी ऐटीत म्हटलं, काळी पाच! ते माझ्याकडे बघतच राहिले. शेवटी बेसवाला म्हणाला बी फ्लॅट, आणि त्यांनी सुरू केलं. आता आपल्याकडे कसं, पट्टी एकदा ठरली की ठरली, भूप गा नाहीतर मारवा, सा तिथेच. इथे तसं नसतं हो, एका गाण्याची चाल सा च्या बरीच खाली उतरते, दुसरीचं सगळं काम वरच्या सा च्या आसपास, त्यामुळे प्रत्येक गाण्याची की वेगळी काढावी लागते, आणि मी हे न करता गेलेले, ब्रिज, म्हणजे गाण्यातला मधला वेगळा भाग, आला तेव्हा मी गात नव्हते, किंचाळत होते. अंकलनी दुसऱ्या फेरीत गुपचूप सगळं चार सूर खाली आणलं. तेही न सांगता!

तर घरी बसून चालीतला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर शोधायचा, दोन्ही न ताणता लागतील ती की पकडायची आणि त्या कीमध्ये लीड शीट बनवायची, म्हणजे चाल, वर कॉर्ड्सची नावं, टेम्पो, इंट्रो किती बारांची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड), शेवट कसा. चार-पाच प्रिंट फोल्डरमध्ये. रिअल बुक म्हणजे जॅझवाल्यांची लीड शीट्सची जाडजूड वही, तिच्यातली की पुष्कळदा वाद्यवाल्यांच्या सोयीची असते, तीच आपली समजून जाऊ नका. आणि काउंट-इन, म्हणजे सुरुवातीला एक-दोन-तीन-चार मोजून लय देणं, स्वतः द्यायला शिका, टेम्पो चुकला तर गाणंभर रडत बसाल.

फॉर्म, म्हणजे गाण्याची बांधणी, मात्र आपल्या लोकांना लवकर समजतो असं माझं मत. खूपशी स्टँडर्ड्स ३२ बारांची, आठ-आठचे चार भाग, तिसरा भाग वेगळा, तो ब्रिज. चार मात्रांचा बार धरला तर १२८ मात्रांचं एक लांबलचक आवर्तन, एकेका वादकाचे सोलो त्याच्यावरच चालतात आणि आपण मनात मोजत समेची वाट बघायची. एकदा सॅक्सवाला सोलो संपवताना सारखा डोक्यावर हात मारत होता, मला वाटलं डोकं दुखतंय बिचाऱ्याचं. तो सांगत होता, हेड घे, म्हणजे मूळ चालीवर परत ये.

घरचे म्हणायचे, हे काय आपलं नाही. अहो १९५१ च्या अलबेलामध्ये आपल्या चितळकरांच्या म्हणजे सी. रामचंद्रांच्या सोबतीला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट होता, जो ताजमध्ये जॅझ वाजवायचा. आणि स्टँडर्ड म्हणजे तरी काय, पुष्कळशी नाटकातली पदंच! समरटाइम १९३५ च्या पोर्गी अँड बेस या ऑपेरामधलं, माय फनी व्हॅलेंटाइन १९३७ च्या एका म्युझिकलमधलं. नाट्यपद जसं नाटकातून सुटून मैफिलीत आलं तसंच हे. बर्लिनमध्ये १९२८ साली आलेल्या ज्या संगीतिकेवरून पुलंनी तीन पैशाचा तमाशा केलं, त्यातलंच मॅक द नाइफ लुई आर्मस्ट्राँगने १९५५ मध्ये जॅझमध्ये आणलं. म्हणून सांगते, गाणं शिकताना ते नाटकात कोण कुणाला म्हणतंय ते आधी बघा, शब्द कुठे तोडायचे ते आपोआप कळतं.

पण तेच गाणं म्युझिकलमध्ये गाताना आपली जॅझची खोड गिळावी लागते. मी सवयीने ओळ जरा मागे ओढून घेतली तर म्युझिक डायरेक्टरने तालीम थांबवून सगळ्यांसमोर विचारलं, कंडक्टर तू आहेस का? कारण त्या सुरावर लाइट बदलायची होती आणि मागे सहा जणांना पाऊल टाकायचं होतं. कपाळावर विगच्या खाली माइक चिकटवलेला, घामाने टेप सुटते, नाचत गायचं. दोन-दोन महिने तालमी आणि प्रयोग मोजके, पैशाचा हिशोब घालू नका. शिस्त मात्र तिथेच लागली.

शिकवण्याला लोक नाइलाज समजतात, मला ते पटत नाही. बहुतेक मुलं ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांच्या ग्रेडसाठी येतात, काही आया पहिल्याच दिवशी रिॲलिटी शोचं विचारतात. दहा वर्षांच्या पोराला श्वास कुठे घ्यायचा ते समजावताना मला माझी चूक सापडली, मी ओळीच्या मधेच श्वास घ्यायचे. फक्त एक सांभाळा, दिवसभर गाऊन दाखवत बसलात तर संध्याकाळी सेटला, म्हणजे सलग गाण्यांच्या फेरीला, घसा बसतो, माझा दोनदा बसलाय. आता गिगच्या दिवशी क्लास नाही, इतर दिवशी पियानोवर दाखवते, आणि पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून बुडबुडे काढत सूर लावते, वेड्यासारखं दिसतं पण गळा सैल होतो. फी महिन्याची आगाऊ घ्या, नाहीतर परीक्षा, लग्नं, गणपती, मुलं गायब.

पैशाचं थोडं. एका हॉटेलने माझे तीन सेटचे पैसे चार महिने अडकवले, कारण बोलणं सगळं फोनवर. तेव्हापासून तारीख, वेळ, रक्कम, जेवण, टॅक्सी, सगळं मेसेजवर लिहून घेते. कंपनी प्रोफेशनल फीवर सहसा १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, कापते, आपला कर तेवढा बसत नसेल तर तो रिटर्न भरून परत मागता येतो, पहिली दोन वर्षं मी सोडून दिला, मूर्खपणा. आणि बांद्र्याचं गिग साडेअकराच्या पुढे गेलं की दादरला बदलून डोंबिवलीची गाडी मिळेलच याची खात्री नाही, म्हणून टॅक्सीचं आधीच ठरवायचं, मी एकदा फीचे अर्धे पैसे टॅक्सीला घालून घरी आलेय.