कॉलेजसाठी संभाजीनगर, जालन्याला आलात? आपली ख्रिस्ती मंडळी अशी शोधा

निघण्याआधीच गावच्या पाळकांकडून किंवा फादरांकडून दोन ओळींचं ओळखीचं पत्र घ्या. नव्या शहरात तेवढ्यानं दार उघडतं. पुढे लग्नाच्या वेळी लागणारा बाप्तिस्म्याचा दाखलाही त्याच फेरीत मागून ठेवा.

घरचे सीएनआयचे (1970 मध्ये अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या मिळून झालेलं चर्च) असतील, तर मराठवाडा धर्मप्रांताच्या मंडळ्या शोधा. संभाजीनगरच्या छावणीतलं ख्राईस्ट चर्च त्यांपैकीच. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत 1977 पासूनचा. मिस्सा किंवा उपासना कोणत्या भाषेत, किती वाजता, हे फोनवर विचारा. उन्हाळ्यात वेळा बदलतात, जुन्या फलकावर विसंबू नका.

एका रविवारी जाऊन मागच्या बाकावर बसलं आणि आशीर्वादानंतर लगेच निघालं, की कुणाशीच ओळख होत नाही. तीन-चार रविवार सलग जा, उपासना संपल्यावर थोडं थांबा, तरुण संघाचा सचिव कोण ते विचारा. सगळ्यांत सोपी वाट गायनवृंदाची: नाताळच्या गाण्यांचा सराव नोव्हेंबरात सुरू होतो, आणि ढोलकी वाजवणाऱ्याला तर कुणी नाही म्हणत नाही. सराव संध्याकाळी असतो, म्हणून हॉस्टेलचं गेट कधी बंद होतं ते आधी बघा.

कॉलेजात प्रार्थनागट हवा असेल तर यूईएसआयच्या (ख्रिस्ती विद्यार्थ्यांची देशभरातली संघटना) विद्यार्थ्यांची चौकशी करा. मात्र एखादा गट पहिल्याच महिन्यात दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा) मागत असेल, पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावत असेल किंवा घरच्यांपासून लपवायला सांगत असेल, तर तिथे जाणं थांबवा आणि गावच्या पाळकांना कळवा.