पोच घेतल्याशिवाय परतू नये : सीमाभागातील समलैंगिक माणसांसाठी काही व्यवहारी सूचना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी माणसाला निवेदन कसे द्यावे हे शिकवावे लागत नाही. परिपत्रके मराठीतून मिळावीत, शाळेला मराठी शिक्षक मिळावा, यासाठी मागच्या दोन-तीन पिढ्यांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आणि त्यातून काही सवयी अंगी मुरल्या: मागणी एका वाक्यात मांडायची, दोन प्रती काढायच्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायची, सोबत एक माणूस न्यायचा आणि तोंडी आश्वासनावर घरी यायचे नाही. समलैंगिक माणसाला देवळात, शाळेत, राजकारणात आणि कामाच्या ठिकाणी जो दुजाभाव सोसावा लागतो, त्याला तोंड देताना हीच शिदोरी कामी येते, असे माझे मत आहे. फरक एवढाच की भाषेच्या निवेदनामागे सगळी गल्ली उभी राहते, या निवेदनामागे पुष्कळदा घरचे माणूसही नसते.

म्हणून कोणाला काही सांगण्याआधी किंवा कोणाविरुद्ध काही लिहिण्याआधी स्वतःची बाजू तपासावी. आपण कोणाच्या घरात राहतो, पगार कोणाच्या हातात पडतो आणि उद्या घर सोडावे लागले तर चार रात्री कुठे काढता येतील, या प्रश्नांची उत्तरे आधी तयार हवीत. दहावीचे मार्क्स कार्ड, आधार कार्ड, स्वतःच्या नावाचे बँक पासबुक हे कपाटाच्या ज्या कप्प्याची किल्ली वडिलांकडे असते तिथे ठेवू नये. सांगायचेच झाले तर आधी एकाच माणसाला सांगावे, आणि ते माणूस आईच असले पाहिजे असे नाही. पुष्कळ घरांत धाकटी मावशी किंवा लग्न होऊन गेलेली बहीण ही बातमी अधिक शांतपणे पचवते आणि पुढे आईशी बोलण्याचे अर्धे काम तीच करते. गणपतीत सगळे जमलेले असताना विषय काढू नये, एवढे तर मी हट्टाने सांगेन.

कायद्याने काय दिले आणि काय दिलेले नाही, हे नेमके माहीत असावे, कारण अर्धवट माहितीने भांडणारा माणूस कचेरीत पहिल्याच प्रश्नाला अडकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निर्णय दिला की सज्ञान व्यक्तींनी परस्परसंमतीने खासगीत ठेवलेला समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३७७ सारखे कलमच नाही. त्यामुळे आज कोणी ‘तीनशे सत्त्याहत्तर लावतो’ अशी धमकी देत असेल तर तो नसलेल्या कलमाची भीती घालतो आहे. मात्र अठरा वर्षांखालील व्यक्तीशी कोणताही लैंगिक संबंध हा पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हाच आहे, तिथे संमतीचा बचाव चालत नाही. विवाहाला मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने तो विषय कायदेमंडळाचा ठरवला. जोडीदारासोबत बँकेत संयुक्त खाते उघडता येते आणि त्याला नॉमिनी करता येते, असा खुलासा केंद्राच्या वित्त खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये केला आहे. शाखेत कारकुनाने नाही म्हटले तर ‘नाही’ लिहून द्यावे, अशी विनंती नम्रपणे करावी. लिहून देण्याची वेळ आली की बऱ्याच जणांना नियम आठवतो.

धर्माच्या बाबतीत थोडे थांबून बोलायला हवे, कारण आपल्या भागात हा प्रश्न विचित्र आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर आणि आपल्या गल्लीतही यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगप्पांना मान आहे. साडी नेसलेला, डोक्यावर यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची टोपली, घेतलेला जोगप्पा दारात आला की घरातली बाई हळदकुंकू वाहते आणि परडीत जोगवा घालते. जोगप्पा परंपरेतल्या मंजम्मा जोगती कर्नाटक जनपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यामुळे ‘हे परदेशी खूळ आहे’ असे कोणी म्हटले की यल्लम्माचा दाखला द्यावासा वाटणे स्वाभाविक आहे, आणि द्यावाही. पण तो अर्धाच पुरतो. तो मान देवीचा संचार झालेल्या अंगाला असतो; तीच बाई स्वतःच्या मुलाने एका पुरुषावर प्रेम असल्याचे सांगितले तर तीन दिवस जेवत नाही. उलट बाजूचा धोका याहून मोठा आहे. मुलगा जरा नाजूक वागतो म्हणून देवीचे बोलावणे आले असे ठरवून त्याच्या गळ्यात माळ घालण्याची घाई काही घरांत होते. समलैंगिक असणे आणि जोगप्पा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला जोगप्पा व्हायचे आहे त्याचा तो मार्ग आहे. ज्याला नाही, त्याने ‘देवीची सेवा मी घरात राहून करीन’ असे सांगून माळ नाकारावी. या उत्तरात देवीचा अपमान नाही, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यावर चटकन बोलता येत नाही.

महाराज, बुवा किंवा गुरुजी यांच्याशी शास्त्राचा वाद घालू नये, आणि चारचौघांत तर मुळीच घालू नये, कारण ऐकणारे जमले की त्यांना माघार घेता येत नाही. एकांतात एकच साधा प्रश्न विचारावा: ‘मी दिंडीत चाललो, भजनाला टाळ धरला, तर आपली हरकत आहे का?’ जो संप्रदाय लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो, त्यातल्या माणसाला याचे उत्तर ‘हो, हरकत आहे’ असे तोंडाने देणे फार जड जाते. उत्तर ‘हरकत नाही’ असे आले की ते दोन जाणत्या माणसांना कळेल अशी व्यवस्था करावी. आधीपासून जे काम आपण करत आलो आहोत त्यासाठी नव्याने परवानगी मागू नये. गणेशोत्सव मंडळात किंवा शिवजयंतीच्या चित्ररथात ज्याच्याकडे पावतीपुस्तक आणि हिशेबाची वही असते, त्याला काढून टाकणे अवघड असते, हे मी अनेक मंडळांत पाहिले आहे. जमत असेल तर हिशेब आपल्याकडे घ्यावा आणि चोख ठेवावा. खानापूर-बेळगावातल्या कॅथलिक मित्रांसाठी एवढेच सांगतो की चर्चच्या अधिकृत शिकवणीत समलिंगी संबंधांना मान्यता नसली, तरी अशा व्यक्तींविरुद्ध अन्याय्य भेदभावाची कोणतीही खूण टाळावी, असे १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाच्या परिच्छेद २३५८ मध्ये लिहिले आहे, आणि फादरशी बोलताना तो परिच्छेद सांगता येतो.

देवऋषी थकला की घरचे लोक डॉक्टरांकडे नेतात. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच ती आजारांच्या यादीतून वगळली. ‘उपचार करून बदलतो’ असे सांगणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. म्हणून चिठ्ठीवर काय निदान लिहिले आणि कोणती औषधे दिली, याचा फोटो काढून ठेवावा. मन खचले असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करता येतो. घरात कोंडून ठेवले असेल तर जोडीदार किंवा मित्र उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोंडलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करण्याचा, अर्ज करू शकतो. अशा अर्जांवर समुपदेशनाच्या नावाखाली माणसाचा कल बदलण्याचा प्रयत्न करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये खालच्या न्यायालयांना बजावले आहे.

शाळेत ‘बायल्या’ आणि ‘छक्का’ हे शब्द मुलांच्या आधी कधीकधी शिक्षकांच्याच तोंडी येतात, आणि पालकांना वाटते की तक्रार केली तर मुलाचे बिंग फुटेल. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी: तक्रार छळाची असते, मुलगा कोण आहे याची नसते, आणि मुलगा समलैंगिक आहे की नाही हे अर्जात लिहिण्याची काहीच गरज नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या तासाला, कोणी, कोणता शब्द वापरला आणि तेव्हा जवळ कोण होते, एवढेच लिहावे. शब्द सभ्य करून लिहू नये, जसा उच्चारला तसाच लिहावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींपासून संरक्षण देते, म्हणून अर्जात ‘मानसिक छळ’ हे दोन शब्द यायलाच हवेत. पहिला अर्ज मुख्याध्यापकांना द्यावा. पंधरा दिवसांत काही हालले नाही तर एसडीएमसीच्या (शाळा समितीच्या) अध्यक्षांना आणि बीईओंना (गटशिक्षणाधिकाऱ्यांना), आणि मग आपला तालुका ज्या शैक्षणिक जिल्ह्यात येतो त्याप्रमाणे बेळगाव किंवा चिक्कोडीच्या उपनिर्देशकांना. वरच्या कचेरीतला अर्ज शक्यतो कन्नडमध्ये द्यावा. हा सल्ला काहींना रुचणार नाही, पण मुलाचा छळ थांबवण्याच्या अर्जावर भाषेचा लढा लढू नये. त्यासाठी वेगळा दिवस आहे. कॉलेजच्या मुलांची बाजू तुलनेने पक्की आहे, कारण यूजीसीने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून केलेला छळ स्पष्ट शब्दांत घातला आहे आणि १८००-१८०-५५२२ हा क्रमांक त्यासाठी चालू आहे.

राजकारणात आपल्याला ऐकावे लागणारे ठरलेले वाक्य ‘आधी सीमाप्रश्न, मग हे’ असे असते. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत आमच्यासारखी माणसे पूर्वीपासून चालत आली आहेत, फक्त त्यांनी स्वतःबद्दल काही सांगितले नाही. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केला. त्याची वाट पाहत एका पिढीचे तारुण्य सरले, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते. आपल्या भाषेला कमी लेखले की ज्याचे रक्त तापते, त्याने दुसऱ्या अल्पसंख्याकाला ‘थांबा’ म्हणू नये, ही गोष्ट त्याला रागाने नव्हे तर त्याच्याच निवेदनांची आठवण देऊन सांगावी. उमेदवार दारात आला की त्याच्या हातात असलेलेच मागावे. विवाहाचा कायदा संसदेचा आहे, आणि सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयकही मांडले होते. तालुक्याच्या पुढाऱ्याला त्याबद्दल विचारले तर तो फक्त हसेल. त्याला विचारावे की सरकारी दवाखान्यात समुपदेशक बसेल का आणि भाषणात ‘छक्का’ ही शिवी वापरणार नाही असे तो जाहीरपणे सांगेल का. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना एक टक्का आरक्षण दिले, तेही उच्च न्यायालयातल्या याचिकेनंतर. ते समलैंगिक पुरुषाला किंवा स्त्रीला लागू नाही, म्हणून दोन मागण्यांची सरमिसळ करू नये.

कामाच्या ठिकाणी कायदा सर्वांत लुळा आहे. सरकारी नोकरीत घटनेच्या समतेच्या कलमांचा आधार घेता येतो. खासगी मालकाला लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास थेट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. पुण्या-बेंगळुरूच्या मोठ्या कंपनीत असाल तर आचारसंहितेत ‘लैंगिक कल’ हे शब्द आहेत का ते आधी वाचावे आणि तक्रार त्याच कलमाचा आधार घेऊन करावी. बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा वडगावच्या मागावर एचआर नावाचा प्राणी नसतो. तिथे मालकाचा विश्वासू माणूस शोधावा लागतो, आणि त्याच्याशी कामाच्या भाषेत बोलावे लागते: ‘या टोमण्यांमुळे पाळीत काम बिघडते.’ रागाच्या भरात राजीनामा लिहून देऊ नये. मालकाला काढायचे असेल तर त्याने लेखी काढावे, म्हणजे थकलेला पगार आणि पीएफ मागता येतो. व्हॉट्सअॅप गटातल्या मजकुराचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवावेत. फौजेत असणाऱ्यांनी किंवा जाऊ इच्छिणाऱ्यांनी, आणि आपल्या गावांत ती संख्या थोडी नाही, हे जाणून असावे की सैन्याला १९५० चा वेगळा कायदा लागू आहे आणि २०१८ च्या निकालानंतरही, जानेवारी २०१९ मध्ये, तेव्हाच्या लष्करप्रमुखांनी सैन्यात हे चालणार नाही असे जाहीरपणे सांगितले होते. तिथे गप्प राहणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही.

अॅपवरून ओळख काढून भेटायला बोलावणे आणि मग फोटो घरी पाठवण्याची धमकी देऊन पैसे मागणे, हा प्रकार चालतो तो आपल्या लाजेवर. पहिला हप्ता दिला की दुसरा ठरलेलाच असतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करावा आणि संभाषण पुसून टाकू नये. ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८. घटना चंदगडला किंवा कोल्हापूरला घडली असली तरी बेळगावच्या ठाण्यात तक्रार देता येते, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. त्याच कलमात लिहिले आहे की तोंडी दिलेली माहिती पोलिसांनी लिहून घेतल्यावर ती देणाऱ्याला वाचून दाखवावी आणि एक प्रत फुकट द्यावी. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते. सही करण्यापूर्वी ती सावकाश वाचून घ्यावी, न समजलेल्या शब्दाचा अर्थ विचारावा आणि कन्नड वाचणारा मित्र शेजारी बसवावा. ठाण्याने नोंद घेतली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवावा. वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारणा करावी. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना वकील मोफत मिळतो.

या सगळ्या पोचपावत्या, फोटो आणि प्रती एका फाइलमध्ये लावून तिची एक झेरॉक्स घराबाहेर, शक्यतो दुसऱ्या तालुक्यातल्या विश्वासू माणसाकडे ठेवावी. फाइलच्या वर विषय लिहायचा नाही. ‘लाईट बिले’ एवढे लिहिले की ती घरात सहसा कोणी उघडत नाही.