अलास्काच्या बोटीवरचा थंडीतला ‘सी डे’: हॉटेल विभागात नव्याने जाणाऱ्यांसाठी

मुंबईत हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझच्या बोटीवर नोकरीला जाणारी मुलं कॅरिबियनच्या उन्हाची तयारी करतात, आणि जॉइनिंग लेटरवर निघतं सिएटल किंवा व्हँकुव्हर, म्हणजे अलास्काच्या बोटी सुटतात ती बंदरं. अलास्काचा हंगाम एप्रिल-मे ते ऑक्टोबर. थर्मल आणि लोकरी मोजे मात्र जानेवारीतच घेऊन ठेवा. परळला हिवाळ्यात बसणारे तिबेटी स्वेटरवाले उन्हाळ्यात भेटायचे नाहीत. उघड्या डेकवर ड्युटी असेल तर जाकीट सहसा बोटीवर मिळतं, आतले कपडे आपले आपण. सुती बनियन नको. घामाने भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचतं.

सी डे म्हणजे बोट दिवसभर समुद्रातच, कुठल्याही बंदराला लागत नाही. वर थंडी असली की पाहुणे आतच बसतात. बुफे, कॅफे, लाउंज सकाळपासून भरलेले. बंदराच्या दिवशी दुपारी मिळणारी उसंत विसरा.

मोबाइलवरच्या ५ अंशांवर जाऊ नका. बोट २० नॉटने चालली की वारा पडलेला असतानाही डेकवर ताशी ३७ किलोमीटरचा वारा लागतो आणि तेच ५ अंश शून्यासारखे झोंबतात. समोरून वारा असेल तर विचारूच नका. डेकचं जड दार अशा वेळी हातातून सुटतं. दोन्ही हात हँडलवर, चौकटीवर एकही नाही. बोटं तिथेच चिरडतात. शक्यतो वाऱ्याच्या आडोशाचं दार वापरा.

हिमनदी दिसायला लागली की पाहुणे एकदम वर येतात आणि डेकवर गरम सूप लावायचा हुकूम निघतो. खरी परीक्षा ही. अमेरिकी आरोग्य तपासणीच्या नियमानुसार गरम पदार्थ ५७ अंशांच्या खाली जाता कामा नये. शेफिंग डिशची (खाली पाणी आणि ज्योत असलेलं बुफेचं भांडं) ज्योत वाऱ्यात टिकत नाही, खालचं पाणी निवतं आणि सूप बघता बघता घसरतं. म्हणून झाकणाचे इन्सुलेटेड अर्न, म्हणजे ऊब धरून ठेवणारे उंच डबे, घ्या. आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं तापवा, ते ओतून टाका, मग गॅलीतून (बोटीच्या स्वयंपाकघरातून) सूप वाफाळतं असतानाच भरा. एका मोठ्या अर्नपेक्षा दोन लहान बरे, एक रिकामा होईपर्यंत दुसऱ्याचं झाकण उघडायचं नाही. कप आधी भरून ट्रेवर मांडून ठेवू नका. प्रोब थर्मामीटर (सळईचा तापमापक) सुपात मधोमध बुडवा, तळाला टेकवू नका, आणि दिसेल तोच आकडा लॉगमध्ये, म्हणजे तापमानाच्या नोंदवहीत, लिहा. तीन तासांचे आकडे एकदम भरणारे महाभाग प्रत्येक बोटीवर असतात. तपासनीसाला ते शाईवरूनच कळतं.

गर्दी आत कोंडली की पोटाच्या साथीची भीती वाढते. ही साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसं चालत नाही. साबणाने २० सेकंद हात धुवा. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लपवू नका, लगेच मेडिकल सेंटर गाठा. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्याला लक्षणं थांबल्यावर किमान ४८ तास वेगळं ठेवतात. बोट लागल्याची मळमळ वेगळी, पण ते मेडिकल सेंटरवाल्यांनाच ठरवू द्या. तिथल्या गोळीने झोप येते, हे सुपरवायझरला आधीच सांगा.

हीटिंगच्या कोरड्या हवेत, वारंवार धुऊन हात फुटतात. ड्युटी संपली की व्हॅसलीन लावा; फुटलेल्या हातांनी अन्न हाताळू देत नाहीत.

आणि तास मोजा: २४ तासांत किमान १० तास विश्रांती, फार तर दोन तुकड्यांत, त्यातला एक सलग ६ तासांचा. नोंदीत वेगळंच दिसलं तर सही करण्याआधी बोला.