सापासाठी घरी उंदीर वाढवताय? या चुका टाळा

पहिली चूक उंदरांसाठी टब आणण्याआधीच होते, ती हिशेबाची. पूर्ण वाढलेला बॉल पायथन, म्हणजे पाळला जाणारा परदेशी अजगर, दहा-चौदा दिवसांतून एक उंदीर खातो, म्हणजे महिन्याला दोन-तीन. मादी मात्र एका वेतात ८ ते १२ पिल्लं देते. गर्भकाळ जेमतेम २१ ते २३ दिवसांचा, आणि नर त्याच टबात असेल तर व्यायल्यावर चोवीस तासांच्या आत ती पुन्हा गाभण राहते. एक नर आणि तीन माद्या कायम एकत्र ठेवल्या की तीन-चार महिन्यांत ऐंशी-नव्वद पिल्लं होतात, मग टब अपुरे पडतात आणि सगळी घाण तिथून सुरू होते.

एका सापाला दोन माद्या पुष्कळ झाल्या. मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते, म्हणून नर दहाच दिवस सोडा आणि बाहेर काढा. तारीख चिकटपट्टीवर लिहून टबाला लावा. पिल्लं पाच आठवड्यांची व्हायच्या आत नर-मादी वेगळे झालेच पाहिजेत, नाहीतर भावंडंच एकमेकांपासून फळतात. आठव्या ते दहाव्या दिवशी, लव दाट व्हायच्या आधी, पिल्लू अलगद उताणं धरा. मादीच्या पोटावर स्तनांचे ठिपके दोन रांगांत स्वच्छ दिसतात, नराला ते नसतात.

एप्रिलमध्ये माद्या गाभणच राहत नाहीत

दोष बहुतेक वेळा पत्र्याचा असतो. उंदराला घाम येत नाही, तो अंगातली बरीच उष्णता शेपटीवाटे बाहेर टाकतो. २० ते २६ अंश त्याला मानवतात. तिशीपुढे उंदीर पसरून पडतात, आणि ऊन असंच राहिलं तर नर तात्पुरते नापीक होतात. खोली थंड झाली तरी ते फळायला काही आठवडे जातात. बेळगाव-चिकोडीकडच्या मार्च-मेमध्ये पत्र्याखालची शेड किंवा माळा वापरूच नका. तळमजल्याची, कौलांखालची खोली घ्या, खिडकीला ओलं गोणपाट लावा आणि बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून टबात ठेवा.

पावसात शिंका आणि डोळ्यांभोवती लाल डाग

ते रक्त नव्हे. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा तो लालसर स्राव आहे, आणि उंदराला त्रास होतोय याची ती खूण आहे. खानापूर भागात जूननंतर ओल आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद होतात, मुतातला अमोनिया टबात साठतो आणि श्वसनमार्गात आधीच दडलेला मायकोप्लाझ्मा हा जंतू उसळतो. उभ्यानं वास घेऊन काही कळत नाही. गुडघ्यावर बसा, नाक टबाच्या कडेशी न्या. डोळे चुरचुरले तर उंदरांचं काय होत असेल ते समजेल. टबाला दोन्ही बाजूंनी जाळी हवी. छिद्र ६ मिलिमीटरचं ठेवा, अर्ध्या इंचातून पिल्लं निसटतात. घरघरणारा उंदीर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, पण त्याची वीण पुढे घेऊ नका.

अंथरायला गिरणीतलं भाताचं तूस चांगलं, फक्त चाळून धूळ काढा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. निपाणीकडे एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते: तंबाखूची रिकामी पोती किंवा तंबाखूचा चुरा टबाजवळही नको. निकोटीन विषारी आहे.

मादीनं पिल्लं खाल्ली

मादीला दोष देण्याआधी पाण्याची बाटली बघा. बोअरच्या पाण्यातले क्षार नळीच्या टोकाला बसतात, तिथली पाणी सोडणारी बारीक गोळी अडकते, बाटली भरलेली दिसते आणि मादी तहानलेली राहते. सकाळ-संध्याकाळ गोळी बोटानं दाबा, थेंब आला पाहिजे. पाणी ठीक असेल तर खाद्य तपासा. मोठ्या उंदराला रोज १५ ते २० ग्रॅम लागतं, दूध पाजणाऱ्या मादीला त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि त्यात प्रथिनं १८ टक्क्यांच्या आसपास हवीत. आमचं मत स्पष्ट आहे: प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठीची खाद्याची तयार गोळी महाग असली तरी तीच घ्या. धान्य मिसळून घातलं तर उंदीर आवडीचं वेचतो, बाकी टाकतो. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम फार असतं. पावसाळ्यातल्या शेंगपेंडीला आणि मक्याला बुरशीचं विष लागतं. आणि व्यायल्यावर पहिले पाच-सहा दिवस तूस बदलू नका, घरटं विसकटू नका.

साप जखमी होतो

जिवंत उंदीर सोडून निघून जाणं ही सर्वांत वाईट चूक. उंदराचे पुढचे दात सापाची कातडी हाडापर्यंत फाडतात. उंदीर आधी झटपट, वेदना न होता मारलेलाच द्या. ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. जिवंत उंदीर फ्रीजरमध्ये ठेवणं हा निव्वळ छळ आहे. मेलेले उंदीर हवाबंद पिशवीत, स्वयंपाकघरापासून वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवा. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवा आणि देण्याआधी कोमट पाण्यात धरा. मायक्रोवेव्ह नको, पोट फुटतं. उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढीच असावी.

शेतातला किंवा गोदामातला उंदीर कितीही फुकट मिळाला तरी देऊ नका. त्यानं झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडायोलोन हे उंदीर मारायचं विष खाल्लेलं असू शकतं, आणि त्याच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस माणसाला होतो.

हे सगळं कायद्यानं पाळता येणाऱ्या परदेशी सापांसाठी आहे. बॉल पायथनची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. उंदरांच्या वासानं आणि सांडलेल्या दाण्यांनी धामण किंवा नाग घरापर्यंत येतो, म्हणून दाराखालची फट रबरी पट्टीनं बुजवा, मोऱ्यांना जाळी लावा आणि रोज संध्याकाळी टबांखालचे दाणे झाडून घ्या. साप आत आलाच तर हात लावू नका, दार ओढून घ्या आणि वनखात्याला कळवा.