थंडीपूर्वी परसदाराची तयारी

निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो, त्यामुळे परसदाराची कामे कोजागरी ते दिवाळी या काळातच उरकावीत. पावसाळ्यात फरशीवर धरलेले शेवाळ आधी ताठ खराट्याने घासून काढावे, कारण पहाटेच्या दवाने ते पुन्हा निसरडे होते आणि वडीलधाऱ्यांचा पाय नेमका तिथेच घसरतो. झोपाळ्याच्या कड्यांना तेल द्यावे.

खरी काळजी झाडांची घ्यावी लागते. वाफ्यातील माती वीतभर उकरून चार दिवस उन्हात तापू द्यावी, मग शेणखत मिसळून मेथी, पालक, कोथिंबीर पेरावी. धने मात्र आधी हलकेच रगडून त्यांच्या डाळी कराव्यात. तुळस थंडीने काळवंडते, म्हणून तिची कुंडी दुपारचे ऊन मिळणाऱ्या भिंतीलगत हलवावी, मंजिऱ्या खुडाव्यात आणि कडाक्याच्या रात्री तिच्यावर जुने सुती लुगडे पांघरून ते ऊन येताच काढावे. प्लॅस्टिक पानांना टेकू देऊ नये. आळ्यांत वाळलेल्या पाल्याचा चार बोटे थर द्यावा, पण तो खोडाला चिकटू देऊ नये. कुंड्यांना पाणी सकाळी, तेही मातीत बोट खुपसून ती कोरडी लागली तरच घालावे.