येऊरला झाडं ओळखायला जाताय? या चुका टाळा

आमच्या वनस्पतीमंडळाच्या फेरीत नवखा माणूस पहिल्या झाडापाशीच विचारतो, "याचं नाव काय?" नाव कळलं की मान डोलते, वहीत नोंद होते आणि पाटोणापाड्याच्या वळणापर्यंत ते डोक्यातून गेलेलंही असतं. म्हणून हल्ली आम्ही उलटं विचारतो: पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? तोडल्यावर चीक येतो का, हा प्रश्न मात्र मनातच ठेवायचा. ठाण्याचं येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, तिथे पानही खुडायचं नाही.

पान नेमकं कुठे संपतं, इथेच बरेच जण फसतात. कडुनिंबाची दांडी बघा. तिच्यावर दहा-बारा 'पानं' दिसतात, पण त्या पर्णिका. अख्खी दांडी मिळून एक पान. खूण सोपी आहे. दांडी फांदीला जिथे चिकटते तिथे बगलेत बारीकशी कळी असते, पर्णिकेच्या बगलेत ती कधीच नसते.

दुसरी चूक माझ्याच नावावर आहे. मे महिन्यात पंधरा जणांना मी छातीठोकपणे पांढरा कुडा दाखवला. समोरासमोर पानं, पांढरी फुलं, सगळं जुळत होतं. वाटेने मोळी घेऊन चाललेल्या पाड्यावरच्या एक ताई थांबल्या. "दादा, हा तो नाही. हा काळा." फूल जवळून पाहिलं तर मधोमध पांढऱ्या धाग्यांची झालर! पांढऱ्या कुड्याला ती नसते. शेंगा असत्या तर बरं झालं असतं: दोघांच्याही जोडीनेच येतात, पण काळ्या कुड्याची जोडी कोवळी असताना टोकाला चिकटलेली असते, पांढऱ्याची टोकं मोकळी. एक काळा, एक पांढरा म्हणावं तर दोघांची फुलं पांढरीच. काळ्याच्या पानांपासून निळा रंग काढायचे, राइटिया टिंक्टोरिया या शास्त्रीय नावातलं टिंक्टोरिया त्यावरूनच. तेव्हापासून मी वहीत नुसतं 'कुडा' लिहीत नाही.

फोटोचंही तेच. सगळे फुलाचा झकास क्लोजअप काढतात आणि ग्रुपवर टाकून विचारतात, "हे काय?" पानाची मागची बाजू, फांदी, खोड आणि शेजारी मापाला एखादं नाणं, एवढं असेल तरच काही सांगता येतं. मोबाइलचं ॲप चुकतं तेही बहुतेक यामुळेच.

कारवी बघायला दर सप्टेंबरला येणाऱ्यांची निराशा होते. आठ वर्षांनी फुलणारं झुडूप ते. २०१६ ला फुललं, २०२४ ला फुललं, आता मोठा बहर २०३२ ला. मधल्या वर्षांत चुकार एखादं दिसलं तर नशीब.

थंडीत अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून झुडपात शिरू नका. खाजकुइलीच्या शेंगांवरची सोनेरी लव अंगाला लागली की माणूस नाचायला लागतो. चोळलं तर ती आणखी पसरते. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा.

ऐरोलीला खारफुटी बघायला जायचं तर आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. भरतीला गेलात तर तिवराची पेन्सिलीसारखी चिखलातून वर आलेली श्वसनमुळं पाण्याखाली असतात, मग बघायचं काय? तिवराच्या कोरड्या पानावर मिठाचे कण दिसतात, ते मात्र भरतीतही चुकत नाहीत.

आता व्याख्यानांबद्दल. एकदा आम्ही एकशेवीस स्लाइडचं व्याख्यान ठेवलं. चाळिसाव्या स्लाइडला मागच्या रांगेत घोरणं सुरू झालं. त्यात केबलने दगा दिला ते वेगळंच. आता स्लाइड वीस, आणि टेबलावर सोसायटीच्या बागेतल्या तीन-चार डहाळ्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. दसऱ्याच्या आदल्या रविवारी आपटा आणि कांचन शेजारी शेजारी ठेवले. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं चांगलं मोठं. पहिल्या रांगेतल्या काकूंनी दोन्ही हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"म्हणजे इतकी वर्षं मी कांचनच वाटतेय की!"