परदेशातल्या सेवेचं पहिलं वर्ष: आधी मागायला शिका

ख्रिस्ती सुवार्तेच्या सेवेसाठी मी इथे परदेशात आलो त्याला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. बॅगेत बायबल, दोन कोऱ्या वह्या आणि तीन मिनिटांत सांगता येईल अशी घोटून पाठ केलेली साक्ष, म्हणजे माझ्या विश्वासाची गोष्ट. पहिल्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून तयार, तर माझा सेवेतला जोडीदार म्हणाला, "आज कुणाला काही सांगायला जायचं नाही. शेजाऱ्यांकडून स्क्रू ड्रायव्हर मागून आण. दाराची कडी सैल झालीये." मी हातवारे करत गेलो. शेजारचे आजोबा स्क्रू ड्रायव्हर हातात द्यायला तयार होईनात. ते स्वतःच आले, कडी बसवली, पोरांना दार कसं सांभाळावं याची अक्कल नाही असं काहीतरी पुटपुटले आणि 'सैल' आणि 'घट्ट' हे दोन शब्द माझ्याकडून दहा वेळा म्हणून घेतले. जोडीदाराच्या ट्रंकेत स्क्रू ड्रायव्हर आधीपासून होता, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगतो, कारण आपण सगळे 'द्यायला' येतो. संदेश द्यायचा, वेळ द्यायचा, मदत करायची. ज्याला कशाचीच गरज नाही अशा माणसाशी शेजारी अदबीने वागतात आणि दार लावून घेतात. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशूने सत्तर जणांना दोघे-दोघे करून पाठवलं, तेव्हा पिशवी, झोळी, वहाणा घेऊ नका असं सांगितलं. पुढ्यात येईल ते खा म्हणाला. म्हणजे ते पहिल्याच दिवसापासून यजमानांवर अवलंबून. मी हे वचन लहानपणापासून ऐकत होतो, पण अर्थ लागला तो कडी बसवून घेतल्यावर. तेव्हा पत्ता विचारा, शिवण उसवली तर सुई मागा, भाव चुकीचा लागतोय का ते शेजारणीला दाखवा. पहिलं वर्ष घेण्याचं आहे.

त्याआधी कागदपत्रं. यात मी कडक आहे, आणि त्यामुळे काही जण माझ्यावर नाराजही आहेत. पर्यटक व्हिसावर येऊन सुवार्तेचं काम करायचं नाही. काही देशांत धार्मिक कामासाठी वेगळा व्हिसा असतो. अमेरिकेचा आर-१ तसा आहे आणि त्यावर जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. काही ठिकाणी कायदा उलट्या बाजूचा: नेपाळच्या २०१५ च्या संविधानातलं कलम २६ दुसऱ्याचं धर्मांतर घडवायला मनाई करतं. तुम्ही जिथे आहात तिथला नियम तिथल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलधाऱ्यांकडून आणि शक्य असेल तर वकिलाकडून समजून घ्या, आधी आलेल्या मित्राच्या "काही होत नाही रे" वर जाऊ नका. आमच्या ओळखीच्या एका मुलाने अर्जावर 'पर्यटन' लिहिलं होतं. त्याला परत पाठवलं, तो घरी सुखरूप पोचला, त्याच्या धाडसाच्या गोष्टीही झाल्या. पण ज्या बाईंनी त्याला खोली दिली होती त्यांना तीन दिवस पोलीस ठाण्यात हेलपाटे घालावे लागले. त्यांच्यासाठी कुणी प्रार्थनासभा ठेवली नाही. आपल्या चुकीची किंमत बहुतेक वेळा इथली माणसं मोजतात, एवढं डोक्यात ठेवा.

आता भाषा. यावर मी तासभर बोलू शकतो, तेव्हा सांभाळून घ्या. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषासंस्थेचा हिशेब असा आहे की इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिशसारखी जवळची भाषा कामापुरती यायला वर्गातले ६०० ते ७५० तास लागतात, आणि जपानी किंवा अरबीसारखी लांबची भाषा असेल तर २२०० तास. शिकवणी रोजची दोन तास असेल तर भागाकार तुम्हीच करा, आणि 'सहा महिन्यांत प्रवचन देईन' असं घरी लिहू नका. मी लिहिलं होतं.

दुसरी चूक म्हणजे देवळातले शब्द आधी शिकणं. 'तारण', 'पश्चात्ताप', 'कृपा' हे सगळं मला इथल्या भाषेत येत होतं, पण 'बादली गळतेय' म्हणता येत नव्हतं. मग माणसं तुमच्याशी पुस्तकाशी बोलावं तसं बोलतात. बाजार, आजारपण, भाडं, पोरांची शाळा, चेष्टामस्करी हे शब्द आधी येऊ द्या. माझी पद्धत साधी: खिशात छोटी वही, रोज एकच नवं वाक्य, आणि दिवसभरात ते दहा माणसांवर वापरायचं. दहाव्या माणसापर्यंत वाक्य सुधारलेलं असतं, कारण मधल्या नऊ जणांनी ते दुरुस्त केलेलं असतं. लहान मुलं सर्वांत उत्तम शिक्षक, ती तुमचा मान राखायला चुकीचं चालवून घेत नाहीत.

हसं होणारच. सहाव्या महिन्यात मला एका आजारी आजींसाठी प्रार्थना करायला सांगितलं. 'हिला बरं कर' आणि 'हिला परत ने' यांत इथे एका स्वराचा फरक आहे. मी डोळे मिटून, जीव ओतून, प्रभूला तिला परत न्यायची विनंती केली. खोलीत शांतता. आजींनी एक डोळा उघडला आणि म्हणाल्या, "इतक्यात नको." त्या दिवसापासून त्या घरात मी पाहुणा राहिलो नाही. आजही त्या मला 'घाईवाला' म्हणतात.

धीर सुटला की मी फादर स्टीफन्स आठवतो. आपण मराठी माणसं या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला उभी आहोत, म्हणून ती आपल्याला जास्त कळावी. इंग्लंडचा तरुण जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मसंघातला धर्मगुरू, १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि त्याचं मराठी ओव्यांतलं 'ख्रिस्तपुराण' छापून आलं १६१६ मध्ये. मधली सदतीस वर्षं त्याने आपल्या ओव्या ऐकण्यात, आपल्या भाषेचा लळा लागू देण्यात घालवली असणार. नाहीतर परक्या माणसाने त्यात मराठीची एवढी स्तुती लिहिली नसती.

रोजच्या दिवसाबद्दल घरच्यांची कल्पना असते की आपण सकाळपासून रात्रीपर्यंत सुवार्ता सांगत फिरतो. खरा दिवस असा जातो: पहाटे प्रार्थना आणि शास्त्रवाचन, मग पाणी, झाडलोट, कपडे; मग भाषेची शिकवणी; दुपारी कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाचा अर्ज भरून द्यायचा; संध्याकाळी दोन-तीन घरच्या भेटी, त्यांतली एक तरी रद्द होते. वाट पाहण्यात फार वेळ जातो. तो वाया गेला असं समजू नका, पण त्याला आध्यात्मिक मुलामाही देऊ नका. कंटाळा आला तर कंटाळा आला म्हणा.

भेटींबद्दल दोन गोष्टी अगदी पक्क्या धरा. 'नको' म्हटलं की नको. तेच घर पुढच्या आठवड्यात नव्या कारणाने गाठायचं नाही. आणि मदत आणि संदेश यांची गाठ मारायची नाही. औषध आणून दिलं त्याच हाताने सुवार्तेची पत्रिका दिली, तर घेणाऱ्याला दोन्ही घ्यावंच लागतं. त्याची अडचण हा आपला मोका नव्हे. लहान मुलांशी बोलायचं तर पालकांसमोर, एकांतात कधीच नाही, तुमचा हेतू कितीही निर्मळ असला तरी.

जोडीदाराशी भांडण होईल. कारण मोठं नसतं: कपबश्या कुणी विसळायच्या, दिवा कधी मालवायचा, प्रार्थना किती लांबवायची. बायबलमधले पौल आणि बर्णबा हे सेवेतले जोडीदार, पण मार्कला सोबत न्यायचं की नाही यावरून त्यांच्यात इतकी जुंपली की ते वेगळे झाले, मग आपण कोण? आम्ही दर शनिवारी अर्धा तास समोरासमोर बसायचो, काय खटकलं ते सांगायचो, आणि उत्तर द्यायला दुसऱ्याला रविवारपर्यंत बंदी. ती बंदी फार कामाची होती.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मन बसतं. पहिला उत्साह संपलेला, भाषा अजून आलेली नाही, आणि सणाच्या दिवशी घरचे सगळे एका फोनवर गर्दी करून हसताना दिसतात. हे अविश्वासाचं लक्षण नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं. तुम्हीही आधी झोप आणि जेवण बघा. आठवड्यात एक पूर्ण सुट्टी घ्या, त्या दिवशी कुणी 'थोडंसंच काम आहे' म्हटलं तरी. दोन आठवडे झोप उडाली, कशातच जीव लागेना, तर वरिष्ठांना सांगा आणि डॉक्टर गाठा. प्रार्थना चालू ठेवूनच.

घरी फोन किती करावा यावर मतं आहेत. मॉर्मन मंडळीचे तरुण दोन वर्षांच्या सेवेवर जातात. त्यांना पूर्वी वर्षातून दोनदाच घरी फोन करायची मुभा होती, २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो. मला आठवड्याचा बेत योग्य वाटतो. रोज तासभर बोलत बसलात तर शरीर इथे आणि मन तिथे राहतं. अजिबात बोलला नाहीत तर आई काळजीने आजारी पडते.

घरच्या मंडळीला प्रार्थनापत्र, म्हणजे सेवेची खबर देणारं पत्र, लिहिताना हात आवरा. आकड्यांची भूक असते, तिकडेही आणि आपल्यातही. इंग्लंडचा मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये उतरला आणि पहिला बाप्तिस्मा झाला १८०० च्या डिसेंबरात. आज त्याला तिमाही अहवाल मागितला असता तर सात वर्षं काय लिहिलं असतं, कुणास ठाऊक. पत्रात शेजाऱ्यांची गरिबी रंगवू नका, आणि ज्याचा फोटो छापणार त्याला आधी विचारा. मी एकदा न विचारता छापला होता. त्या माणसाच्या मुलीने तो दोन वर्षांनी कुणाच्या तरी फोनवर पाहिला आणि मला विचारलं, "आम्ही तुम्हाला असे दिसतो का?" मला उत्तर देता आलं नाही.

पैशांचं थोडक्यात: उसने देऊ नका, देता येतील तेवढे देऊन टाका आणि विसरा. हिशेबाची वही जोडीदाराला उघडी ठेवा.

आणि हे आजच करा. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या दोन प्रती काढा, एक खोलीत, एक माझ्याकडे. रक्तगट, नेहमीची औषधं आणि घरचा नंबर त्याच्या मागे लिहा. पीतज्वराची लस घेतली असेल तर तिचं पिवळं कार्ड जपा. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, पण हरवलं तर सीमेवर पुन्हा टोचून घ्यायची वेळ येऊ शकते. प्रत काढायला दुकान कुठे आहे ते मी सांगणार नाही. शेजारी विचारा.